पोट बिघडलेल्या वाघाचं पुस्तक

शेवंता,

सगळं गाव तुझ्यासाठी रडलं आणि मी रडले नाही, हे तुझ्या सासूनं मला तोंडावर ऐकवलं. ऐकवू दे. मला रडू येतच नाही, नुसता संताप येतो. सकाळी अंगणवाडीचं कुलूप उघडताना येतो, पोरांना रांगेत बसवताना येतो. तुझ्या जागी अजून कुणाला नेमलेलं नाही, म्हणून खिचडीही मीच लावते, आणि ती करपली की बोलायचं कुणाला हे कळत नाही. सात वर्षं हाताशी माणूस होतं ना बोलायला. मी सेविका, तू मदतनीस, मी बोलायचं आणि तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, अशी आपली वाटणी होती.

पहिला राग तुझ्यावरच. मोहफुलं पडायला लागली की वनखात्याची माणसं दरवर्षी येतात, आपल्याच ओट्यावर बसतात आणि सांगतात: एकट्यानं जाऊ नका, पुरतं उजाडल्याशिवाय जाऊ नका, सगळ्याजणी एकदम वाकू नका, वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. त्यांच्यासाठी सतरंजी कोण अंथरायचं? तू. चहा कोण द्यायचं? तू. आणि एकटी कोण गेली? तूच. तुझं झाड नाल्यापलीकडं, बाकीच्या बायांची अलीकडं. त्यांच्यासाठी थांबली असतीस तर अंगणवाडीत यायला उशीर झाला असता, एवढंच ना? झाला असता उशीर. मी काय करणार होते, चार शब्द बोलले असते. माझ्या बोलण्याला तू जन्मात कधी भ्यालीस, की नेमकं त्याच दिवशी भ्यायचं सुचलं?

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. मोहफुलं वेचायला गेलेली महिला वाघाच्या हल्ल्यात ठार. झालीस तू महिला. तुझं नाव नाही, गाव तेवढं आहे. त्या महिलेनं अकरा पुस्तकं केली होती, लहान पोरांना पोट धरधरून हसवणारी, हे कुणाला लिहायचं सुचलं नाही. सुचणार तरी कसं? आपल्या गावालाच ती पुस्तकं वाटत नव्हती. तुझी सासू त्यांना 'कागदं' म्हणायची. मी म्हणायची, शेवंताचे चाळे.

आठवतं का, सुरुवात कशी झाली ती? वरून चित्रांच्या पुस्तकांचा गठ्ठा आला होता. गुळगुळीत कागद, झकास रंग. त्यातली पोरं सकाळी उठून दात घासायची, हात धुवायची, पालेभाजी मागून खायची. मी ती वाचायची माझ्या पद्धतीनं, अक्षराखाली बोट धरून, एकेक शब्द सुटा सुटा. आपली पोट्टी तोवर आडवी व्हायची, कुणी गुडघ्याची खपली काढायचं, कुणी शेजारच्याची. तू आतून बाहेर आलीस, हातात उलथणं, पुस्तकात डोकावलीस आणि म्हणालीस, "बाई, या पुस्तकातल्या पोट्ट्याले कोनी कधी गुदगुल्या नाई केल्या का?"

मी तुला म्हटलं, तू खिचडी बघ. त्या दिवशीही करपली होती.

आठ दिवसांनी तू पहिलं पुस्तक घेऊन आलीस. जुन्या पोस्टरांच्या कोऱ्या पाठी, गोधडीच्या सुईनं शिवलेल्या. चुलीतला कोळसा, हळद, कपड्याची नीळ, पळसाची फुलं उकळून केलेला केशरी रंग. एक बकरी अंगणवाडीत शिरते आणि माझं हजेरीबुक खाते. पुढच्या पानावर लेंड्याच लेंड्या, आणि प्रत्येक लेंडीवर आपल्या एकेका पोराचं तोंड काढलेलं. तू कुणाचं नाक चुकवलं नव्हतंस. पोरं वेडी झाली. महिनाभर जो तो घरी जाऊन आईबापाला छाती फुगवून सांगत होता, मी तिसरी लेंडी, मी कोपऱ्यातली लेंडी. एक बाप माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी त्याला पुस्तक दाखवलं, तर तो आपल्या पोराची लेंडी शोधत बसला आणि तक्रार विसरून गेला.

मग बेडकाचं आलं. तो नागभीडच्या स्टेशनावर जाऊन तिकीट मागतो, खिडकी उंच असते, म्हणून उड्या मारतो, आणि दर उडीला अर्धंच वाक्य बोलून खाली पडतो. मग आजीच्या कवळीचं, मग उलटी झाडं चढणाऱ्या अस्वलाचं. एकाही पुस्तकात अक्षर नाही. तू चौथीपर्यंत शिकलेली, लिहिता येत होतं तुला, तरी लिहायची नाहीस. मी म्हटलं, अगं खाली चार ओळी लिही, म्हणजे तू नसलीस तरी मला वाचता येईल. तू म्हणालीस, अक्षर लिहिलं का तुमी बोट ठेवसान. हे उत्तर झालं? तेव्हाही मला राग आला होता आणि आताही येतो. अकरा पुस्तकं कपाटात आहेत आणि त्यातल्या निम्म्यांत तू काय बोलायचीस ते मला धड आठवत नाही.

वाचायला बसायचीस ती पोरांच्या मधोमध, खुर्चीवर कधीच नाही. पान उलटायच्या आधी आपल्यापुरतं फटीतून बघायचीस आणि स्वतःच फसकन हसायचीस. मग पुस्तक छातीशी धरून, "थांबा, आधी मले हासू द्या." पोरं नुसती किंचाळायची. अगं, चित्र तूच काढलेलं, काल रात्रीपर्यंत तूच रंगवलेलं, त्याचं रोज रोज कसलं आलंय नवल? पण तुला खरंच हसू यायचं. मी चोरून बघितलं आहे, ते नाटक नव्हतं.

आता वाघाचं पुस्तक. ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

तुझा वाघ टेंभरं खातो. पिकलेली, कच्ची, जी दिसतील ती. मग त्याच्या पोटात गुडगुड सुरू होते. तो धावत झुडपामागं जातो, तर तिथं आधीच ससा बसलेला. "जागा नाई, पुढं जा!" पुढच्या झुडपामागं मोर. जागा नाई, पुढं जा. मग रानडुकरीण आणि तिची सहा पिलं, ओळीनं. आपली सगळी पोरं एका सुरात ओरडायची, जागा नाई, जागा नाई, पुढं जा, आणि वाघ दर पानावर पाय आणखी आवळत चालायचा. शेवटी तो गावात येतो, अंगणवाडीच्या संडासापाशी. संडासाला कुलूप. आणि दारात कोण उभी? एक जाडी बाई, नाकावर घसरलेला चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती वाघाला म्हणते, आधी हजेरी. मग म्हणते, वजन करा. वाघ वजनकाट्यावर उभा, डोळे बाहेर, शेपटीची गाठ मारलेली. बाई काटा वाचतेय, चष्मा पुसतेय, पुन्हा वाचतेय. आणि शेवटच्या पानावर जे व्हायचं ते काट्यावरच होतं.

पोरं लोळायची. तुझी चिमी तर इतकी हसायची की तिला उचकी लागायची, चार वर्षांचं एवढंसं पोर, पाणी पाजावं लागायचं. पर्यवेक्षिकाबाई आल्या तेव्हा त्यांनी हे पुस्तक चाळलं आणि विचारलं, यातून बोध काय? तू पदर खोचून म्हणालीस, "बोध हा हाये का चावी दाराजवळ ठेवावं." त्या बाईसुद्धा हसल्या. मी हसले नाही.

कारण ती मी होते. चष्मा माझा, जुडगा माझा, आणि संडासाला कुलूपही मीच लावते. आत पाणी नाही, नळ कधी जोडलाच नाही कुणी, उघडा ठेवला तर घाण होते, म्हणून त्यात मी सरपण भरून ठेवलंय, हे तुला माहीत नव्हतं का? होतं. तरी काढलंस. पोरं जाता येता माझ्या कमरेकडं बघून फिदीफिदी करायला लागली. वीस वर्षं नोकरी झाली माझी, शेवंता. वीस वर्षांत मला कुणी जाडी म्हटलं नव्हतं. निदान माझ्यासमोर नव्हतं.

ते मला तुला सरळ सांगता आलं असतं. मला वाईट वाटलं, एवढं म्हणायचं. पण मी सेविका, मदतनिसीपुढं असं कसं म्हणायचं? म्हणून मी वाघ पुढं केला. लसीकरणाचा दिवस होता, ओट्यावर गावातल्या बाया लेकरं घेऊन बसलेल्या, तुझी सासूही होती. आपल्या गावात रानात गेलं की त्याचं नाव घेत नाहीत, वेशीवर त्याचा दगड आहे, शेंदूर लावतात, धान कापायच्या आधी नारळ देतात. मी काही फार देवभोळी नाही. चंद्रपूरला शिकलेली, पण त्या दिवशी मला तो दगड बरा सापडला. तू पोरांना पुस्तक दाखवत होतीस आणि मी सगळ्यांसमोर बोलले, "त्याची टिंगल करशील तर एक दिवस तोच येईल जाब विचारायला."

तू पुस्तक मिटलंस. मग हळूच म्हणालीस, "त्याले बी पोट हाये बाई. पोट हाये तं बिघडते बी. यात टिंगल कायची?"

मी म्हटलं, मला शिकवू नको.

तू उठून ते पुस्तक माझ्या हातात दिलंस. ठेवा तुमच्या कपाटात, म्हणालीस. मी ठेवलं आणि कुलूप लावलं. त्यानंतर तू नवं पुस्तक केलं नाहीस. खिचडी मात्र करपेनाशी झाली, रोज वेळेवर, मऊ, नीट. मला त्याचाही राग यायचा. एकदा भांडी घासता घासता मान वर न करता तू विचारलंस, बाई, तुमाले खरंच राग आला का? मी म्हटलं, मला कशाला येईल, मी वाघाचं सांगते. खोटं बोलले. तू मान हलवलीस आणि घासलेलं पातेलं पालथं घातलंस. तेवढंच राहिलं आपलं बोलणं. दोन महिन्यांनी मोहफुलं पडायला लागली.

तुला आणलं त्या दिवशी मी तुझ्या अंगणात उभी होते आणि ते वाक्य मी पुन्हा ऐकलं. माझं वाक्य. कुण्या बाईनं दुसरीला सांगितलं, शेवंतानं त्याची टिंगल केली, तो जाब विचारायले आला. दुसऱ्या दिवशी बोरिंगवर ऐकलं. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानात एक शिकलेला माणूस तेच म्हणत होता. कुणी म्हटलं नाही की हे अंगणवाडीच्या बाईनं म्हटलं होतं. ते आता सगळ्यांचं झालं होतं, जुन्या म्हणीसारखं. मी बादली भरून घरी आले. तोंड उघडलं नाही.

याच बाया, शेवंता. ज्यांची पोरं तू अंगाखांद्यावर खेळवलीस, ज्यांच्या पोरांना ताप आला तर तू कडेवर घेऊन उपकेंद्रापर्यंत चालत गेलीस. आणि याच गावाच्या रस्त्यानं जीपगाड्या भरभरून माणसं येतात, वाघ दिसला की एकमेकांना टाळ्या देतात, त्यांच्यावर तो कधी चिडत नाही वाटतं. तू कोळशानं एक पट्टेवाला काढलास तर तो चिडला. मला या गावाचा इतका राग आला की दोन दिवस मी कुणाच्या रामरामाला उत्तर दिलं नाही. मग कळलं की गावावर राग धरणं सोपं आहे. वाक्य कुठून निघालं ते मला माहीत होतं.

पाचव्या दिवशी तुझ्या सासूनं चिमीला आणून सोडलं. तू जशी वेणी घालायचीस तशी वेणी नव्हती, नुसता बुचडा. ती कोपऱ्यात बसली. थोड्या वेळानं एक कोंबडी आत शिरली आणि थेट वजनकाट्यावर जाऊन बसली. पोरं खदखदून हसली. चिमीचंही तोंड हसायला लागलं, मी पाहिलं, आणि लगेच तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. असे दाबले की गाल पांढरे पडले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हात काढले नाहीत.

मी जवळ गेले. काय झालं गं, म्हटलं. हातांच्या आडून म्हणाली, "हासलं का तो येते."

कोणी सांगितलं, म्हटलं. तिनं ते सांगितलं नाही. म्हणाली, "मीच सगळ्यायच्यापरीस जास्त हासली होती, बाई."

मी काय केलं असेल? काही नाही केलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कोंबडी हाकलली आणि वजनं लिहायला बसले. पुढचे सहा दिवस ते पोर रोज येत होतं. कुणी हसलं की दोन्ही हात तोंडावर, खाऊन झालं की हात तोंडावर, झोपेतसुद्धा हात तोंडावर. आणि मी बघत होते. एवढी मी भित्री आहे हे तुला माहीत होतं का? चित्रात तर तू मला वाघाला रांगेत उभं करणारी काढलंस.

काल बाया आल्या. आठ दहा जणी, पुढं तुझी सासू, हातात नारळ. बारावा दिवस. म्हणाल्या, ते पुस्तक द्या. वेशीवर त्याच्या दगडापुढं जाळायचं, नारळ फोडायचा, माफी मागायची, म्हणजे गावावरचं संकट टळेल, पोरीवरचंही टळेल. चिमी आजीच्या लुगड्याला धरून उभी होती. हात होतेच तोंडावर.

मी कपाट उघडलं. पुस्तक काढलं. खरं सांगते, द्यायलाच काढलं होतं. दिलं की सगळं मिटलं असतं, मीही सुटले असते. पण पोरीनं पुस्तक पाहिलं आणि ती मागं सरकली. स्वतःच्या आईनं केलेल्या पुस्तकाला भिऊन मागं सरकली, शेवंता. माझं डोकंच फिरलं.

मी म्हटलं, माफी मागायची तर मला मागू द्या. शेवंतानं काही केलं नाही. जाब विचारायला येईल, हे मी बोलले होते, इथंच बसून. आणि तेसुद्धा देवाच्या भीतीनं नाही बोलले. तिनं मला जाडी काढली होती, ते मला झोंबलं होतं, म्हणून बोलले. तेच तुम्ही बारा दिवस बोरिंगवर बोलताय.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, तुझी सासू आता नारळ माझ्याच डोक्यात घालते. ती ओट्यावर बसली. तिला बसायला वेळ लागतो, गुडघे गेलेत तिचे. बसून म्हणाली, "मले माहीत हाये. मी होती ना तिथी."

मग बोलल्या का नाहीत, म्हटलं.

"तुमी कधी बोलता ते पाहून राह्यली होती," ती म्हणाली. आणि नातीला पुढं ढकलून, "मले काऊन सांगता? तिले सांगा."

मी खाली बसले. सात वर्षांत पहिल्यांदा सतरंजीवर, गुडघे मोडून. चिमीला समोर घेतलं आणि काट्याचं पान उघडलं. म्हटलं, हे बघ, तुझ्या आईनं वाघाची टिंगल केलीच नाही. वाघाचं नुसतं पोट बिघडलंय, तुझंही बिघडतं, माझंही. टिंगल दुसऱ्याच कुणाची केली आहे. ही जाडी कोण आहे, सांग.

तिनं चित्राकडं पाहिलं. हातांच्या आडून म्हणाली, "तुमी."

मग टिंगल कुणाची केली?

"तुमची."

ती विचार करायला लागली. तुझ्यासारखीच करते, भुवया आत ओढून. मग तिनं मला विचारलं, "मंग तो तुमाले काऊन नाई घेऊन गेला?"

एक बाई म्हणाली, चूप वं पोरी. मी म्हटलं, विचारू द्या तिला. या बारा दिवसांत नीट प्रश्न विचारणारं हे एकच माणूस भेटलंय मला.

मी तिला सांगितलं, त्याला पुस्तक माहीत नाही चिमे. कोण हसलं ते माहीत नाही, कोण काय बोललं ते माहीत नाही. त्याला भूक लागली होती आणि तुझी आई एकटी वाकलेली होती. तू हसलीस म्हणून तो आला नाही. मी बोलले म्हणूनही आला नाही. हे शेवटचं वाक्य मी तिला सांगितलं, शेवंता, पण माझा स्वतःचा त्यावर अजून पुरता विश्वास बसलेला नाही. बसेल तेव्हा बसेल.

मग मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. काय वाचलं असेल ते तूच समज. वाघानं टेंभरं खाल्ली. वाघाच्या पोटात गुडगुड झाली. वाघ झुडपामागे गेला. अक्षर एक नाही, तरी माझं बोट पानावर फिरतच होतं. बाकीची पोरं जमली, पण कुणी ओरडेना. चिमी तिसऱ्या पानापर्यंत ऐकत राहिली आणि मग तिच्यानं राहवलं नाही.

"आई असं नाई वाचत," ती म्हणाली.

म्हटलं, मग तूच वाच, मला कुठं येतं.

पुस्तक मोठं, पोस्टराएवढी पानं, एका हातानं उलटत नाहीत. तिनं आधी डावा हात काढला. जमेना. मग उजवा काढला. पान उलटलं आणि बारीक आवाजात सशाचं बोलली, जागा नाई. दोन पोरं म्हणाली, पुढं जा. मोराच्या पानाला पाच सहा जणं म्हणाली. डुकराच्या पिलांपर्यंत सगळी अंगणवाडी ओरडत होती आणि तुझी लेक वाघासारखे पाय आवळून जागच्या जागी नाचत होती. तुझी सासू उठली, नारळ घेऊन एकटीच वेशीकडं गेली. पुस्तक मागितलं नाही तिनं.

चिमी काट्याच्या पानावर आली. चित्रातल्या मला पाहिलं, मग खऱ्या मला पाहिलं, मग माझ्या कमरेच्या किल्ल्यांना पाहिलं. आणि हसली. अशी हसली की तिला उचकी लागली. पोरं हसली, दारातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या, ज्या घटकेपूर्वी तेच पुस्तक जाळायला निघाल्या होत्या.

आणि मला राग आला. या बारा दिवसांतला नव्हे, जुना, आपला नेहमीचा. एवढी काही मी जाडी नाही. वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला गावभर हसं करून ठेवायचं म्हणजे काय, चांगलं आत बोलावून खडसावलं पाहिजे हिला, असं मनात आलं, आणि मनात आलं तसं तोंडातूनही गेलं.

"शेवंता, इकडं ये जरा!"

चिमीनं पुस्तक खाली ठेवलं आणि स्वयंपाकाच्या दाराकडं बघत राहिली.